गवती चहा
गवती चहा : (पाती चहा, हिरवा चहा, ओला चहा, गु. लीली चा, सं. भूस्तृण, लॅ. सिंबोपोगॉन सायट्रेटस, कुल – पोएसी). लिंबासारखा वास असलेले, झुबक्याने वाढणारे बहुवर्षायू गवत. उंची सु. १–१·५ मी.; पाने लांब, निळसर हिरवी, कडा इतक्या धारदार की पाती ओढून तोडणाऱ्याचे बोट कापते. कमानीसारख्या झुकलेल्या पानांमुळे ते वाफ्यांच्या कडेला शोभेसाठी लावतात. मुंबईत शोभा आणि चहा ही दोन्ही कामे बहुधा गॅलरीतल्या एकाच कुंडीकडून करून घेतली जातात.

मूलस्थानाविषयी एकमत नाही. ही जाती केवळ लागवडीतूनच ज्ञात आहे, असे अनेक वर्गीकरणकार मानतात. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कँडॉल यांनी तिचे ‘अँड्रोपोगॉन सायट्रेटस’ हे नाव फ्रान्समधील माँपेल्ये येथील वनस्पती उद्यानाच्या १८१३ च्या यादीत दिले. वनस्पतिशास्त्रज्ञ ओटो श्टाफ यांनी १९०६ मध्ये ती सिंबोपोगॉन प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) घातली. नावाचा उगमच उद्यानातल्या रोपात असल्याने मूळ प्रदेशाचा पत्ता त्यातून लागत नाही. एक पक्ष दक्षिण भारत व श्रीलंका सांगतो, दुसरा मलाया द्वीपसमूह. जवळची जाती सिं. फ्लेक्झुओसस दक्षिण भारतात रानटी आढळते हे पाहता पहिले मत काहीसे अधिक ग्राह्य वाटते; तथापि सोयऱ्याचे गाव हा जन्माचा दाखला नव्हे. गवती चहाला फुलोरा क्वचितच येतो आणि प्रसार फुटव्यांनीच होतो, त्यामुळे माणसाने बेणे नेले तिकडे हे गवत गेले.

‘भूस्तृण’ हे समीकरणही जपूनच घ्यावे. भूस्तृण, कत्तृण व रोहिष ही संस्कृत नावे जुन्या ग्रंथांच्या निरनिराळ्या टीकाकारांनी (भाष्यकारांनी) एकमेकांच्या जागी वापरली आहेत, रोहिष म्हणजे खानदेशातले रोशा गवत (सिं. मार्टिनाय) असे सामान्यतः धरतात. निघंटूंचा (औषधी द्रव्यांच्या जुन्या कोशांचा) भर गुणधर्मांवर असल्याने जाती ठरवणे कठीण जाते. मराठी नाव मात्र उघडच चहाच्या मागून आले. ते एकोणिसाव्या शतकापूर्वीचे नसावे.

पानांतील तेलात सिट्रल (लिंबासारखा वास देणारे द्रव्य) सु. ६५–८५ टक्के असते. व्यापारात या तेलाला ‘पश्चिम भारतीय’ म्हणजे वेस्ट इंडीजचे म्हणतात, तर मलबारकडील सिं. फ्लेक्झुओससच्या तेलाला ‘पूर्व भारतीय’. पहिल्यात मिर्सीन हा घटक अधिक असल्याने ते मद्यार्कात कमी विरघळते. डासांसाठीचे सिट्रोनेला तेल तिसऱ्याच जातींचे; गवती चहाची कुंडी ठेवल्याने डास जात नाहीत, आणि तिच्याखालच्या ताटलीत पाणी साचू दिले तर वाढतात.

लागवड : मुंबईत जून-जुलै हा काळ उत्तम. भाजीवाल्याकडे आले-पुदिन्याबरोबर मिळणाऱ्या जुडीत नुसती पाती असतात, त्या रुजत नाहीत. मुळे असलेला फुटवा शेजाऱ्याकडून किंवा रोपवाटिकेतून घ्यावा. थाई स्वयंपाकासाठी ‘लेमन ग्रास’ म्हणून विकला जाणारा बुडखा ताजा असेल तर पेलाभर पाण्यात उभा ठेवून पाहावा. दोन-तीन आठवड्यांत तळाशी पांढरी मुळे दिसू लागतात. पाने छाटून हाताएवढी ठेवावीत व फुटवा बुडापुरताच पुरावा, खोल गेला तर पावसाळ्यात कुजतो. कुंडी किमान १२ इंची, तळाला मोकळी भोके, मातीत शेणखत व थोडी वाळू. दिवसाला पाच-सहा तास ऊन हवे. इमारतींच्या फटीत वाढलेले गवत लांबते, पण वासाला फिके पडते. उन्हाळ्यात रोज पाणी, पावसात बेताने.

पहिली कापणी तीन-चार महिन्यांनी, जमिनीपासून सु. १० सेंमी. वर, कात्रीने. दमट हवेत पानांच्या मागे तांबेऱ्याचे (एका बुरशीजन्य रोगाचे) तपकिरी ठिपके येतात. अशी पाती काढून जाळाव्यात, चहात टाकू नयेत. दोन-तीन वर्षांनी कुंडी मुळांनी गच्च भरते व मधला भाग वाळतो. तेव्हा ठोंब उपटून बाहेरचे कोवळे फुटवे वेगळे लावावेत.