न बनलेल्या हॉलीवूडपटांच्या पटकथांचा संग्रह

हॉलीवूडच्या स्टुडिओंसाठी लिहिल्या गेलेल्या, पण पडद्यावर कधीच न पोहोचलेल्या चित्रपटांच्या जुन्या पटकथा मिळवून जपण्याचा छंद, आणि त्याभोवतीचा व्यापार. गाजलेल्या चित्रपटाची पटकथा लोक आठवण म्हणून घेतात. चित्रपट बनलाच नसेल तर पटकथा हाच काय तो चित्रपट. त्यामुळे इथे आधी मजकूर वाचावा आणि सही नंतर शोधावी. लिलावात मात्र बहुधा उलटेच घडते.

झेरॉक्सच्या आधीच्या काळात पटकथा स्टेन्सिलवर टंकून सायक्लोस्टाईल केली जाई. वर जाड कागदाचे वेष्टन, कडेला भोके पाडून ओवलेल्या पितळी पिना, कधी प्रतीचा क्रमांक, आणि ‘ही स्टुडिओची मालमत्ता आहे, परत करावी’ अशी तंबी. ती सगळ्यांनी पाळली असती तर हा छंदच उभा राहिला नसता. चित्रीकरण ठरले की खात्याखात्याला वाटण्यासाठी भरपूर प्रती निघत. बेत आधीच बारगळला तर मोजक्याच. निळी, गुलाबी, पिवळी पाने असतात ती चित्रीकरणाच्या तोंडावर केलेल्या फेरफारांची. न बनलेल्या चित्रपटाच्या बाडात ती सापडली, तर गाडी बरीच पुढे जाऊन अडली होती असे समजावे. मुखपृष्ठावरची तारीखही तितकीच मोलाची, कारण एकाच पटकथेचे अनेक खर्डे असतात आणि दोन खर्ड्यांत कधीकधी वेगळेच दोन चित्रपट दडलेले असतात.

दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांनी १९३९ मध्ये आरकेओ या स्टुडिओसाठी जोसेफ कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’वर पटकथा लिहिली. कॅमेरा म्हणजेच निवेदक मार्लोचे डोळे, अशी तिची रचना होती. खर्चाचा अंदाज दहा लाख डॉलरांच्या वर गेला, त्यातच युद्धामुळे युरोपातली बाजारपेठ आटली आणि स्टुडिओने अंग काढून घेतले. दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिक यांच्या न बनलेल्या ‘नेपोलियन’च्या खर्ड्यावर २९ सप्टेंबर १९६९ ही तारीख आहे. पुढच्याच वर्षी आलेला, नेपोलियनवरचाच ‘वॉटर्लू’ आपटला आणि त्या विषयात पैसे घालायला कोणी धजेना.

भारतीय वाचकाला सर्वांत जवळची वाटेल ती सत्यजित राय यांची ‘द एलियन’. स्वतःच्याच ‘बंकुबाबुर बंधु’ (१९६२) या कथेच्या आधारे राय यांनी ती १९६७ मध्ये लिहिली. कोलंबिया स्टुडिओने रस दाखवला. पीटर सेलर्स, मार्लन ब्रँडो यांची नावे पुढे आली. चित्रपट झाला नाही. सायक्लोस्टाईल प्रती मात्र हॉलीवूडभर फिरल्या आणि त्यांवर राय यांच्यासोबत मध्यस्थ माइक विल्सन यांचेही नाव हक्कधारक म्हणून छापलेले होते. परग्रहवासीयावरचा ‘ई.टी.’ (१९८२) आल्यावर, त्यामागे आपलीच पटकथा आहे असे सुचवत राय यांनी याच फिरत्या प्रतींकडे बोट दाखवले. त्याचे दिग्दर्शक स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी तो आक्षेप नाकारला.

बेव्हर्ली हिल्समधील मार्गारेट हेरिक ग्रंथालयात अशा पटकथा अभ्यासकांना बसून वाचता येतात. वेल्स यांची कागदपत्रे इंडियाना विद्यापीठाच्या लिली ग्रंथालयात आहेत. खासगी संग्राहकाची अडचण वेगळीच: प्रत त्याची, पण मजकुराचा हक्क सहसा स्टुडिओचा. विकत घेतलेली पटकथा तो वाचू शकतो, विकू शकतो, छापू शकत नाही. ‘नेपोलियन’ची पटकथा ताशेन प्रकाशनाने २००९ मध्ये ग्रंथरूपात आणली, तीही कुब्रिक यांच्या वारसांच्या सहकार्याने.