जपानी सिनेमाच्या नोंदीला अस्सल पोस्टर कसं जोडायचं?

जपानी सिनेमाची नोंद उघडावी आणि वर परदेशी डीव्हीडीचं कव्हर झळकावं, हे नेहमीचंच. द मूव्ही डेटाबेस म्हणजे टीएमडीबी या सदस्यांनीच माहिती भरायच्या सिनेमा-मालिकांच्या साइटवर हे आपल्याला बदलता येतं.

पात्रता म्हणाल तर फक्त मोफत खातं. जपानी यायलाच हवं असं नाही, पण काताकाना ही जपानी लिपी वाचता आली तर निम्मं काम झालं. पुण्यात तर जपानी शिकणाऱ्यांची वानवा नाही!

कागदपत्रं म्हणजे एकच जेपीजी. प्रमाण २:३, किमान ५००×७५० आणि कमाल २०००×३००० पिक्सेल. वॉटरमार्क नको, आणि छोटं चित्र फुगवून मोठं केलेलंही नको.

घोडं अडतं ते प्रमाणात. जपानी थिएटरचं पोस्टर सहसा बी-२ मापाचं, ५१५×७२८ मिमी. थिएटरात फुकट मिळणारं हँडबिल, म्हणजे ‘चिराशी’, बी-५. दोन्ही २:३पेक्षा रुंद. उंची १५०० पिक्सेल ठेवली तर रुंदी सुमारे १०६० येते आणि हवी असते १०००. हे साठ पिक्सेल दोन्हीकडून सारखे छाटायचा मोह होतो. मीही एकदा तसंच केलं आणि कडेला उभ्या ओळीत छापलेलं एका नटाचं नाव अर्धं उडवलं. जिकडे मोकळी जागा असेल तिकडूनच कापा. दाबून बसवलंत तर चेहरे लांबट होतात, ते तर त्याहून वाईट.

आता अस्सल कोणतं? ‘गोजिरा’, म्हणजे मूळ जपानी ‘गॉडझिला’, घ्या. जपानमध्ये तो ३ नोव्हेंबर १९५४ रोजी लागला. अमेरिकेत १९५६ साली आला तो रेमंड बर हा नट घालून नव्याने जुळवलेला अवतार. तो वेगळा सिनेमा, त्याचं पोस्टर त्याच्याच नोंदीला. जपानी पोस्टर मिळालं तरी खालचा बारीक मजकूर वाचा. तिथे सिनेमांना श्रेणी देणाऱ्या जपानी संस्थेची, म्हणजे एइरिनची, ‘आर१५+’सारखी श्रेणी असेल तर ते १९५४ चं असूच शकत नाही, ही श्रेणी २००९ पासूनची. ‘४के’ दिसलं तर विचारायलाच नको, ते पुनर्प्रदर्शनाचं. नव्या सिनेमासाठी निर्मात्याची किंवा वितरकाची अधिकृत साइट सर्वांत भरवशाची.

मालिकांची गोष्ट जरा निराळी. वाहिनीचं मुख्य प्रसिद्धीचित्र, ‘की व्हिज्युअल’, बऱ्याचदा आडवं असतं. ते कापून उभं करण्यापेक्षा पार्श्वचित्र म्हणून द्या: १६:९, किमान १२८०×७२०. एका सीझनचं पोस्टर त्या सीझनलाच जोडा.

लॉग-इन करून नोंदीच्या पोस्टर विभागात जा, फाइल चढवा आणि भाषा निवडा. भाषा म्हणजे पोस्टरवर छापलेली, सिनेमात बोललेली नव्हे; अक्षरच नसेल तर ‘भाषा नाही’. पुढे कोणतं पोस्टर वर दिसणार हे सदस्यांच्या मतांवर ठरतं, तेव्हा लगेच बदललं नाही म्हणून तीच फाइल पुन्हा चढवू नका.