‘सवंग’ गाण्यांची लाज कुठून आली

चाळिशी ओलांडलेली माणसे गाडीत एकटी असली की नव्वदच्या दशकातली उडत्या चालीची गाणी मोठ्याने लावतात. पण द्वारका चौकात सिग्नल लागला आणि शेजारी दुसरी गाडी येऊन थांबली, की त्यांचा हात आपोआप आवाज कमी करायला जातो. नाशिकमध्ये हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे आणि स्वतःही वर्षानुवर्षे केले आहे. गाणे आवडते, त्याचे शब्द तोंडपाठ असतात, तरीही ते आवडते हे चारचौघांत कळू नये असे वाटते. ही लाज त्या गाण्यात नसते. गेल्या शंभरेक वर्षांत ती टप्प्याटप्प्याने घडत गेली आहे, आणि ती कशी घडली हे कळल्यावर माझ्यापुरता तरी तिचा जोर पुष्कळ ओसरला.

या इतिहासाचा एक धागा नाशिकमधूनच जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी गाणे शिकणे हेच मुळात पांढरपेशा घरांत शोभणारे मानले जात नव्हते; गवई आणि गाणाऱ्या बाया यांच्याशी ते जोडलेले होते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, बंदिशींमधले शृंगारिक शब्द बाजूला ठेवून भक्तिपर शब्द योजले आणि सभ्य घरांतल्या मुलामुलींना गाण्याची वाट मोकळी करून दिली. आयुष्याच्या उत्तरार्धात ते पंचवटीत येऊन राहिले आणि तेथे त्यांनी रामनामाचा आश्रम चालवला. त्यांचे हे कार्य फार मोठे आहे आणि त्याचे ऋण आपण सगळेच वागवतो. मात्र गाण्याला प्रतिष्ठा देताना प्रतिष्ठित आणि अप्रतिष्ठित गाणे यांच्यामधली रेघही ठळक झाली. आजोबांना जे गाणे लपवावे लागले त्याच गाण्याच्या परीक्षेला नातवंडे अभिमानाने बसली, आणि लपवण्याची पाळी दुसऱ्याच गाण्यांवर आली. हार्मोनियमचेही तसेच. १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. आज शास्त्रीय मैफलीत हार्मोनियमची साथ नसेल तर श्रोत्यांना चुकल्यासारखे वाटते.

स्वातंत्र्यानंतर ही रेघ थेट सरकारी धोरणात उतरली. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. ते मराठी होते, शास्त्रीय संगीताचे जाणकार होते, आणि चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते अशी त्यांची प्रामाणिक धारणा होती. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी मात्र रेडिओची सुई श्रीलंकेतून ऐकू येणाऱ्या रेडिओ सिलोनकडे वळवली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेथे अमीन सयानी यांच्या आवाजात ‘बिनाका गीतमाला’ हा चित्रपटगीतांचा कार्यक्रम सुरू झाला आणि घरोघरी त्याची वाट पाहिली जाऊ लागली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. मला विशेष महत्त्वाची वाटते ती आणखी एक गोष्ट. विष्णु दिगंबरांचे चिरंजीव दत्तात्रेय पलुस्कर, ज्यांचा जन्म नाशिकचा, त्यांनी त्याच १९५२ साली ‘बैजू बावरा’ या चित्रपटासाठी उस्ताद अमीर खाँ यांच्यासह जुगलबंदी गायली. सरकार जी रेघ सांभाळत होते ती एक थोर गायक त्याच वर्षी सहज ओलांडून गेला होता.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि सगळे चित्र बदलले. रेकॉर्ड काढणे भांडवलाचे काम होते. कॅसेट कोणालाही काढता येई आणि टेपरेकॉर्डर टपरीत, रिक्षात, शेतातल्या खोपटातही वाजे. मोठ्या कंपन्यांनी ज्यांना कधी विचारले नसते असे आवाज बाजारात आले. प्रल्हाद शिंदे आणि त्यांचे पुत्र आनंद व मिलिंद यांची गाणी याच लाटेवर महाराष्ट्रभर पोहोचली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे लोककवी वामनदादा कर्डक यांची गीते वस्त्यांतून आणि आंबेडकर जयंतीच्या मंडपांतून आधीपासूनच गायली जात होती. आता तीही कॅसेटवर आली. ही गाणी ‘आपली नव्हेत’ असे नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या पांढरपेशा घरांत म्हटले जाई तेव्हा त्यामागे सुरांचा विचार क्वचितच असे. कोणत्या वस्तीत वाजते, कोणत्या जातीचा माणूस गातो, कोण त्यावर नाचतो, यावरून गाणे सवंग ठरत होते. ‘रिक्षातली गाणी’ हा शब्दच पाहावा. त्यात चालीबद्दल एक अक्षर नाही, ऐकणाऱ्याबद्दल मात्र सगळे आहे.

त्या काळी कोरी कॅसेट दुकानात देऊन त्यावर हवी ती गाणी भरून घेण्याची पद्धत होती. साठ मिनिटांची कॅसेट, प्रत्येक बाजूला अर्धा तास, म्हणजे जेमतेम सहा-सहा गाणी. मी वहीचे पान फाडून यादी करत असे. वर गझला, भावगीते, दोन नाट्यपदे. आणि ज्याच्यासाठी खरे तर कॅसेट भरायची ते गाणे अगदी तळाशी, बारीक अक्षरात. मेन रोडवरच्या त्या दुकानात आतल्या मुलाला कळावे म्हणून दुकानदार यादी मोठ्याने वाचत असे, आणि तळाची ओळ येईपर्यंत मी बाहेरच्या सायकलींकडे पाहत उभी राहत असे. घरी आल्यावर कॅसेटच्या कागदावर सगळ्या गाण्यांची नावे लिहिली, त्या एका गाण्याच्या जागी फक्त ‘इतर’ असे लिहिले.

नव्वदच्या दशकात उपग्रह वाहिन्या आल्या आणि चित्रपटाबाहेरच्या हिंदी पॉपला काही वर्षे बहर आला. १९९५ साली अलिशा चिनॉय यांचा ‘मेड इन इंडिया’ हा अल्बम घरोघरी पोहोचला. पुढच्या दशकात ती लाट ओसरली, आणि तिच्यावर वाढलेली मुले कॉलेजात जाताच तीच गाणी बालिश ठरवून मोकळी झाली.

हे केवळ आपल्याकडे घडले असे नाही. अमेरिकेत १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला. डिस्को हे प्रामुख्याने कृष्णवर्णीय, लॅटिन आणि समलिंगी तरुणांच्या नृत्यगृहांत वाढलेले संगीत होते, हे लक्षात घेतले की त्या रागाचा रोख कळतो. २००४ साली संगीतसमीक्षक केलेफा सॅने यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधल्या लेखात रॉकला अस्सल आणि पॉपला नकली मानणाऱ्या समीक्षेलाच प्रश्न विचारला, आणि तिकडे चर्चेची दिशा बदलू लागली. त्याआधी १९९६ साली रिचर्ड पीटरसन आणि रॉजर कर्न या समाजशास्त्रज्ञांनी १९८२ आणि १९९२ च्या पाहण्यांची तुलना करून दाखवले होते की अभिजात संगीताचे अमेरिकन श्रोते आता इतर अनेक प्रकारही आवडीने ऐकतात. सगळे ऐकतो असे सांगणे हीदेखील प्रतिष्ठेची नवी खूण होऊ शकते, हे खरे आहे. तरी लपवण्यापेक्षा ते मला केव्हाही बरे वाटते.

प्रौढ वयात ही आवड उघड करणे सोपे जाते, कारण तोवर आवडीनिवडीवरून मैत्री ठरण्याचे दिवस मागे पडलेले असतात. शिवाय विसर्जनाच्या मिरवणुकीत नाशिक ढोलाच्या तालावर हीच चाल वाजते तेव्हा कोणीच लाजत नाही. लाजायला एकटेपण लागते. म्हणून मी इअरफोन काढून ठेवले. आता रविवारी सकाळी मेथी निवडताना स्वयंपाकघरातल्या स्पीकरला गाण्याचे नाव तोंडाने सांगावे लागते, तेही मोठ्याने, नाहीतर त्याला ऐकू जात नाही. सासूबाई बाहेरच्या खोलीत असतात, मुलगा अभ्यासाला बसलेला असतो, खिडकी उघडी असते. पूर्वी जे नाव दुकानदार वाचत असे ते आता मीच उच्चारते, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत सासूबाई आतून ठेका धरतात.