कल्ट सिनेमांचं पॉडकास्टिंग

जे पिक्चर थिएटरमधून आठवड्या-दोन आठवड्यांत उतरले, पुरस्कारांच्या यादीत कधी आले नाहीत, समीक्षकांनी चार ओळींत निकालात काढले, पण मूठभर लोकांनी मात्र जिवापाड जपले, अशा पिक्चरांवर तासन्‌तास बोलणारे ऑडिओ कार्यक्रम म्हणजे हे पॉडकास्टिंग. त्यात दोन गोष्टी कायम सोबत येतात. एक जॉनर सिनेमा, म्हणजे हॉरर, सायन्स फिक्शन, कुंगफू, वेस्टर्न, स्वस्तातले गुन्हेपट असं सगळं, आणि दुसरं म्हणजे त्यातले नट, ज्यांचा चेहरा आपण पन्नास वेळा पाहिलेला असतो पण नाव विचारलं की आपण ‘अरे तो नाही का तो’ करत बसतो. होस्ट बहुतेक दोन-तीन जण असतात, एका एपिसोडला एक पिक्चर किंवा एक नट घेतात आणि दीड-दोन तास, कधी त्याहून जास्त बोलतात.

कल्ट हा शब्द आजकाल कशालाही लावतात म्हणून थोडं सांगायला हवं. ठरवून कल्ट पिक्चर बनवता येत नाही, तो बघणारे बनवतात आणि त्याला वेळ लागतो. डिसेंबर १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या एल्गिन थिएटरमध्ये दिग्दर्शक अलेहांद्रो होदोरोव्स्कीचा ‘एल तोपो’ मध्यरात्रीच्या शोला लागला आणि नुसत्या तोंडी प्रसिद्धीवर महिनोन्‌महिने चालला, मिडनाईट मूव्ही ही पद्धत तिथून रुजली असं साधारण मानतात. दुसरं उदाहरण मला फार आवडतं. २५ जून १९८२ या एकाच दिवशी अमेरिकेत ‘ब्लेड रनर’ आणि ‘द थिंग’ हे दोन्ही पिक्चर लागले, दोनच आठवडे आधी स्पीलबर्गचा ‘ई.टी.’ आलेला आणि लोकांना गोड परग्रहवासी हवा होता, त्यामुळे हे दोन्ही अंधारे पिक्चर पडले. आज या दोघांवर किती एपिसोड झालेत ते मोजत बसण्यात अर्थ नाही.

आधी काय होतं

पॉडकास्ट यायच्या आधीही हे लोक बोलतच होते, फक्त जागा वेगळ्या होत्या. १९५८ साली फॉरेस्ट अ‍ॅकरमननं ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’ हे मासिक काढलं आणि हॉररवेड्या पोरांना पहिल्यांदा कळलं की आपल्यासारखे अजून बरेच आहेत. टीव्हीवर रात्री जुने भयपट दाखवताना मधेमधे येऊन बोलणारे होस्ट होते, त्यातली व्हँपायरा १९५४ पासूनची. १९८१ मध्ये डॅनी पिअरीचं ‘कल्ट मूव्हीज’ हे पुस्तक आलं आणि १९८३ मध्ये मायकल वेल्डनचा ‘सायकोट्रॉनिक एन्सायक्लोपीडिया’, आणि व्हिडिओ कॅसेटचा जमाना असल्यामुळे वाचलेला पिक्चर शोधून घरी आणून बघता येऊ लागला. पण ऑडिओच्या दृष्टीनं सगळ्यात जवळचा पूर्वज मला वाटतं तो १९८४ चा, क्रायटेरियन या कंपनीनं ‘किंग काँग’ची लेझरडिस्क, म्हणजे घरी पिक्चर बघायची मोठी तबकडी, काढली तेव्हा जादाच्या साऊंड ट्रॅकवर रोनाल्ड हेव्हर या अभ्यासकाचं बोलणं टाकलं. पिक्चर चालू आहे आणि जाणकार माणूस कानात शांतपणे सांगतोय की हा शॉट कसा घेतला, ती कॉमेंटरी ट्रॅकची सुरुवात, आणि आजच्या पॉडकास्टची सवय तिथंच लागलीये.

पॉडकास्टिंगचं तंत्र तसं साधं. आरएसएस फीडला, म्हणजे वेबसाइटवर नवीन काही आलं की आपोआप कळवणाऱ्या यादीला, ऑडिओ फाईल जोडायची सोय डेव्ह वायनरनं २००० च्या शेवटी केली, ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द बेन हॅमर्स्लीनं फेब्रुवारी २००४ मध्ये ‘गार्डियन’मधल्या एका लेखात वापरला आणि जून २००५ मध्ये अ‍ॅपलनं आयट्यून्समध्ये पॉडकास्ट घेतले तेव्हा ते सगळ्यांपर्यंत पोचलं. सिनेमावाले लगेच घुसले. ‘द फ्लॉप हाऊस’ २००७ चा, ‘हाऊ डिड धिस गेट मेड’ २०१० च्या डिसेंबरपासून, आणि माइक व्हाइटचं ‘द प्रोजेक्शन बूथ’ २०११ पासून, ज्यात एकेका पिक्चरवर इतकं खोदकाम असतं की ऐकणारा थक्क होतो. २०१४ मध्ये करीना लाँगवर्थनं ‘यू मस्ट रिमेंबर धिस’ सुरू केलं, ते गप्पांचं नाही, एकटीनं लिहून सांगितलेलं आहे, हॉलीवूडच्या पहिल्या शतकातल्या विसरल्या गेलेल्या गोष्टी. २०२२ मध्ये क्वेंटिन टॅरँटिनो आणि रॉजर एव्हरी यांनी ‘व्हिडिओ आर्काइव्हज’ काढलं, हे दोघं तरुणपणी ज्या कॅसेटच्या दुकानात कामाला होते त्याचंच नाव दिलं, आणि तिथल्याच जुन्या कॅसेट लावून बघून त्यावर बोलायचं अशी कल्पना.

आता कुणी विचारेल की सिनेमा डोळ्यांनी बघायचा आणि त्याबद्दल नुसतं ऐकायचं हे कसं जमतं. जमतं, उलट मला वाटतं या विषयाला ऑडिओच बरोबर बसतो. चित्र दाखवता येत नाही म्हणून होस्टला सीन शब्दांत उभा करावा लागतो, उजेड कुठून येतोय, नट वाक्य बोलायच्या आधी किती थांबतो, हे सांगायचं तर आधी ते नीट बघावं लागतं. दुसरं म्हणजे वेळेचं बंधन नाही. छापील मासिकात तिसऱ्या फळीतल्या नटाला अर्धं पान मिळणं मुश्कील, रेडिओवर वेळ विकत घ्यावी लागते, इथं एक बरा माईक आणि हेडफोन एवढ्यावर तीन तास बोलता येतं आणि पाचशेच जण ऐकणार असतील तरी चालतं, कारण त्या पाचशेंना दुसरीकडे हे कुठंच मिळत नसतं.

दुर्लक्षित नट

या पॉडकास्टचं खरं मोल इथं आहे असं माझं ठाम मत आहे. पिक्चरचं कौतुक कधीतरी होतंच, प्रिंट सापडते, रिस्टोअर होते, ब्लू-रे निघते. माणसाचं तसं नसतं.

ड्वेन जोन्सचं बघा. १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चा तो नायक, एक कृष्णवर्णीय नट अमेरिकन भयपटात हिरो, तेही पटकथेत त्याच्या वर्णाचा उल्लेख नसताना. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो कायम सांगायचा की ऑडिशनला तोच सगळ्यात चांगला ठरला म्हणून घेतला. डिस्ट्रिब्युटरनं पिक्चरचं नाव बदलताना कॉपीराइटची ओळच टाकायची राहिली आणि पिक्चर सरळ सार्वजनिक मालकीचा झाला, त्यामुळे तो कुणीही कुठंही दाखवू शकत होतं आणि जोन्सचा चेहरा जगभर गेला, पण नाव तितकं गेलं नाही. पुढे १९७३ मध्ये बिल गनच्या ‘गांजा अँड हेस’मध्ये त्याचं फार सखोल काम आहे, पण तो पिक्चर निर्मात्यांनी कापून दुसऱ्याच नावानं विकला आणि मूळ प्रिंट न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये होती म्हणून वाचली. जोन्स १९८८ मध्ये गेला, पन्नाशीच्या आसपास. त्याच्यावरचा एखादा चांगला एपिसोड ऐकला की तो पहिला पिक्चर पुन्हा बघावासा वाटतो आणि या वेळी झोंबींकडे लक्षच जात नाही, त्याच्या हातांकडे आणि दार-खिडक्यांना फळ्या ठोकतानाच्या त्या शांत घाईकडे जातं.

डिक मिलर हा दुसऱ्या जातीचा. १९५९ मध्ये दिग्दर्शक रॉजर कॉर्मनच्या ‘अ बकेट ऑफ ब्लड’मध्ये त्याला वॉल्टर पेझली नावाचा मुख्य रोल मिळाला, नंतर जन्मभर छोटी कामं, पण दिग्दर्शक त्याच्यावर इतकं प्रेम करायचे की पुढच्या कितीतरी पिक्चरांत त्याच्या पात्राला मुद्दाम वॉल्टर पेझली हेच नाव ठेवलं. १९८४ च्या ‘टर्मिनेटर’मधला बंदुकीच्या दुकानातला माणूस तोच. हॅरी डीन स्टँटनची गोष्ट थोडी सुखाची, तीसेक वर्षं साइड रोल केल्यावर १९८४ मध्ये ‘पॅरिस, टेक्सस’मध्ये मध्यवर्ती भूमिका मिळाली, तेव्हा वय ५८. आणि रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’मधला, १९८४ चाच, तो सामरी आठवतो? मेकअपखालचा माणूस अनिरुद्ध अगरवाल, शिक्षणानं इंजिनियर. एका अख्ख्या पिढीला त्याची भीती वाटली आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचं नाव आजही माहीत नाही.

म्हणून मुलाखतींचं महत्त्व. बरेच होस्ट म्हातारे झालेले नट, स्टंटमन, मेकअपवाले, एडिटर यांना शोधून काढतात, त्यातल्या काहींना गेल्या चाळीस वर्षांत कुणी काही विचारलेलंच नसतं. अशा माणसाला मधे तोडायचं नाही, आठवायला वेळ द्यायचा, शांतता आली तर ती भरायला जायचं नाही, हे चांगल्या होस्टला कळतं. पण पन्नास वर्षांपूर्वीचं आठवताना गोष्टी सरकतात, तारखा मिसळतात, एकाचा किस्सा दुसऱ्याच्या नावावर जातो, तर मुलाखत झाल्यावर जुनी वर्तमानपत्रं आणि व्यवसायातली मासिकं उघडून पडताळून बघणं हे अर्धं काम असतं. ते न करता ऐकीव किस्सा सांगणारे एपिसोडही खूप आहेत, आणि मग तोच किस्सा दहा जण सांगतात आणि खरा होऊन बसतो.

नावांचा घोळ तर विचारूच नका. इटलीतल्या जॉनर सिनेमात परदेशी बाजारासाठी सरसकट इंग्रजी नावं लावायचे, १९६४ च्या ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’मध्ये खुद्द दिग्दर्शक सर्जिओ लिओनेचं नाव बॉब रॉबर्टसन आणि नट जान मारिया व्होलोन्तेचं जॉन वेल्स असं होतं. त्यात सेटवरचा साऊंड न घेता सगळं नंतर डब करायची पद्धत, म्हणजे पडद्यावर एक बाई आणि आवाज दुसरीचा, त्या दुसरीचं नाव कुठंच नाही. एकाच पिक्चरच्या तीन देशांत तीन कापलेल्या आवृत्त्या, तीन नावं. म्हणून एपिसोडच्या सुरुवातीला आम्ही कुठली आवृत्ती, किती मिनिटांची, कुठल्या भाषेतली बघितली हे सांगणारा होस्ट मला लगेच भरवशाचा वाटतो.

हसण्याचा प्रश्न राहतोच. ‘इतका वाईट की मजा येते’ या प्रकारावर खूप पॉडकास्ट चालतात आणि ते लोकप्रियही आहेत. १९६६ चा ‘मॅनोस’ हा पिक्चर एका खतविक्रेत्यानं जिद्दीनं बनवला, १९९३ मध्ये एका टीव्ही कार्यक्रमानं त्याची खिल्ली उडवली आणि तो जगातला सगळ्यात वाईट पिक्चर म्हणून गाजला. त्यातला टॉर्गो हे पात्र बघून लोक अजून हसतात. तो करणारा जॉन रेनॉल्ड्स प्रीमियरच्या महिनाभर आधी आत्महत्या करून गेला, वय २५. हे माहीत असलं की त्याच सीनवर तसं हसू येत नाही. पिक्चरच्या फसलेल्या गोष्टींवर हसावं की, त्यात वाईट काही नाही, पण नटाच्या चेहऱ्यावर, शरीरावर, गरिबीवर हसणारा एपिसोड मी तरी बंद करतो.

रेकॉर्डिंग वगैरे

पिक्चर निदान दोनदा बघतात, एकदा नुसता आणि एकदा वेळ टिपून नोंदी घेत. होस्ट वेगवेगळ्या गावांत असले तर प्रत्येक जण आपापल्या मशीनवर आपला आवाज रेकॉर्ड करतो, सुरुवातीला टाळी वाजवतात म्हणजे नंतर ट्रॅक जुळवता येतात. पिक्चरमधले तुकडे वापरायचे तर कॉपीराइटचा प्रश्न येतो म्हणून बरेच जण संवाद स्वतःच म्हणून दाखवतात. खर्च जाहिराती किंवा श्रोत्यांच्या मासिक वर्गणीतून निघतो, निघाला तर.

एक मोठी अडचण मात्र आहे, हे एपिसोड टिकत नाहीत. होस्टिंगचे, म्हणजे फाईली इंटरनेटवर ठेवायचे, पैसे भरणं थांबलं की फीड बंद पडतं आणि शंभर-दीडशे एपिसोड एका रात्रीत गायब होतात, त्यात अशा माणसांच्या मुलाखती असतात जी आता हयात नाहीत. आपल्याकडं डाऊनलोड केलेली फाईल असली तरच काहीतरी उरतं. म्हणून आता काही होस्ट मूळ रेकॉर्डिंग न कापता वेगळं जपतात, एक प्रत इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहावर टाकतात, आणि सोबत साध्या मजकुराच्या फाईलमध्ये पाहुण्याचं पूर्ण नाव, रेकॉर्डिंगची तारीख आणि कुठल्या कुठल्या पिक्चरांबद्दल बोलणं झालं ते लिहून ठेवतात, म्हणजे पुढे कुणी ते नाव शोधलं तर ही फाईल सापडेल.