एयूजी तर ढिगाने असतात, मग रायबोसोम बसतो कुठे?

बॅक्टेरियात प्रोटीनची सुरुवात फॉर्मिल-मेथिओनिन या अमिनो आम्लाने होते हे 1960 च्या दशकात कळलं होतं, त्याचा कोडॉन (आरएनएवरचा तीन अक्षरी शब्द) बहुतेक वेळा एयूजी. पण एयूजी जीनच्या मधेही कितीतरी असतात, मग रायबोसोमला (प्रोटीन बनवणाऱ्या पेशीतल्या यंत्राला) नेमका सुरुवातीचा एयूजी कसा सापडतो?

1969 ला जोन स्टाइट्झ यांनी केंब्रिजमधे आर17 या फाजच्या (बॅक्टेरियाला लागण करणाऱ्या विषाणूच्या) आरएनएवर रायबोसोम बसू दिले, उघडा राहिलेला आरएनए एन्झाइमने कापून टाकला आणि रायबोसोमखाली झाकलेले तुकडे तेवढे शिल्लक राहिले. फाजच्या तीन जीनचे तीन तुकडे मिळाले, प्रत्येकात एयूजी. त्याच्या अलीकडच्या अक्षरांचा अर्थ लागायला मात्र अजून पाच वर्षं जायची होती.

तो अर्थ लागला ऑस्ट्रेलियात, कॅनबेराला. लिन डालगार्नो आणि त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी जॉन शाइन रायबोसोमच्या स्वतःच्या आरएनएचं 3 प्राइम टोक (म्हणजे शेवटचं टोक) वाचत होते, आणि मला सगळ्यात आवडतं ते हे की ते सुरुवात शोधतच नव्हते, 1973 ला त्यांना वाटत होतं की हे टोक स्टॉप कोडॉन, म्हणजे प्रोटीन संपल्याची खूण, ओळखत असावं! 1974 ला ई. कोलाय या बॅक्टेरियाच्या 16एस आरएनएचं (हाही रायबोसोमचाच आरएनए) टोक हाती आलं, ए-सी-सी-यू-सी-सी-यू-यू-ए. आता आर17 च्या ए प्रोटीनचा तुकडा घ्या, त्यात एयूजीच्या सात अक्षरं आधी ए-जी-जी-ए-जी-जी-यू संपतं. कागदावर एक ओळ सुलटी आणि तिच्याखाली दुसरी उलटी लिहून बघा, सातच्या सात जोड्या (ए-यू, जी-सी अशा) जुळतात, म्हणजे रायबोसोम या जुळणीवरूनच सुरुवात ओळखत असावा. मी पहिल्यांदा लिहून बघितलं तेव्हा कितीतरी वेळ त्या कागदाकडेच बघत बसलो होतो.

पण कागदावर जुळलं म्हणजे पेशीतही तसंच होतं असं नाही ना. 1975 ला स्टाइट्झ आणि कॅरन जेक्स यांनी कोलिसिन ई3 हे आरएनए कापणारं प्रोटीन वापरून 16एसचं शेवटचं सुमारे 50 अक्षरांचं टोक तोडलं, तर ते मेसेंजरच्या (जीनचा संदेश रायबोसोमकडे नेणाऱ्या आरएनएच्या) तुकड्याला चिकटलेलंच बाहेर आलं. आणि 1987 ला हुई आणि द बोअर यांनी दोन्हीकडची अक्षरं जोडीने बदलली, तर बदललेले रायबोसोम बदललेला मेसेंजर वाचायला लागले, माझ्या मते सगळ्यात भक्कम पुरावा हाच.

तरी सगळ्याच जीनना एयूजीच्या आधी हा जुळणारा पट्टा नसतो. काही मेसेंजर तर थेट एयूजीपासूनच सुरू होतात, आधी एक अक्षरही नाही, आणि त्यांच्यावर अख्खा 70एस (दोन्ही भाग आधीच जोडलेला) रायबोसोम सरळ येऊन बसू शकतो.