जास्त वॉटचा हीटर म्हणजे जास्त रेझिस्टन्स? उलट आहे!

‘रेझिस्टन्स जितका जास्त, तितकी उष्णता जास्त, म्हणून 2000 वॉटच्या हीटरच्या कॉइलचा रेझिस्टन्स 1000 वॉटवाल्यापेक्षा मोठा’ हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. रेझिस्टन्स म्हणजे करंटला होणारा अडथळा. गणित करून बघा. व्होल्टेजला करंटने भागलं की रेझिस्टन्स, गुणलं की पॉवर. 230 व्होल्टवर 2000 वॉटचा हीटर साधारण 8.7 अँपिअर ओढतो, म्हणजे रेझिस्टन्स सुमारे 26 ओहम. 1000 वॉटवाला 4.35 अँपिअर घेतो, त्याचा भरतो जवळपास 53. दुप्पट पॉवर, निम्मा रेझिस्टन्स.

समज आला कुठून? पॉवर म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, या सूत्रातून. सूत्र बरोबरच आहे, पण करंट तोच राहिला तरच त्याचा तसा अर्थ लागतो. 40 आणि 100 वॉटचे फिलामेंटचे बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक, जोडा: 40 वाला जास्त उजळतो, 100 वाला जेमतेम लाल होतो. दोघांतून करंट एकच, म्हणून इथे जास्त रेझिस्टन्सवाला जिंकतो. घरातली उपकरणं मात्र पॅरललमध्ये, म्हणजे प्रत्येक स्वतंत्रपणे त्याच सप्लायला जोडलेली असतात. तिथे व्होल्टेज ठरलेलं, करंट ज्याचा त्याचा.

मल्टिमीटर घेऊन पडताळायला निघालात तर हीटरची कॉइल तपासा, बल्ब नको. 100 वॉटच्या बल्बचा हिशोबाने येणारा रेझिस्टन्स 529 ओहम. थंड बल्बवर मीटर दाखवेल चाळीसच्या आसपास. मीटर बिघडलेलं नसतं. टंगस्टन तापल्यावर त्याचा रेझिस्टन्स दहापटीहून जास्त वाढतो.