वर, खाली, पुन्हा वर : रेड बुलच्या चालक-बदलांची पार्श्वभूमी

मार्च २०२५ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि चीन या दोनच शर्यती झाल्या आणि फॉर्म्युला वनमधल्या रेड बुल संघाने लियम लॉसनला धाकट्या संघात, रेसिंग बुल्समध्ये, परत पाठवून युकी त्सुनोदाला वर घेतलं. इंदुरात राजेंद्रनगर-लोकमान्यनगरकडची जी मुलं रविवारी संध्याकाळी फॉर्म्युला वन लावून बसतात, त्यांच्यात तेव्हा एकच वाद होता: दोन शर्यतींत चालकाचं काय कळतं? फारसं काही नाही. पण ते का कळत नाही हे समजायला वीस वर्षं मागे जावं लागतं, कारण ही पद्धत जेव्हा बसली तेव्हा ती खरोखर काहीतरी मोजत होती.

मोसमाच्या मध्यात चालक उचलणं ही काही रेड बुलची देणगी नव्हे. १९९१ मध्ये मायकेल शूमाकर जॉर्डनकडून बेल्जियमची एकच शर्यत धावला आणि पुढच्या इटलीच्या शर्यतीला बेनेटनच्या गाडीत बसला. त्याच्यासाठी जागा सोडावी लागली रॉबर्टो मोरेनोला, ज्याने त्याच बेल्जियममध्ये चौथा क्रमांक आणि सर्वांत वेगवान फेरी मिळवली होती. रेड बुलने नवीन केलं ते इतकंच, की वरचा आणि खालचा असे दोन्ही संघ एकाच मालकाचे झाले. रेड बुलचे सल्लागार हेल्मुट मार्को यांच्या देखरेखीखालची, तरुण चालक घडवणारी ज्युनियर टीम २००१ पासून होती. २००४ च्या अखेरीस जॅग्वार संघ विकत घेतला, पण २००५ मध्ये क्रिस्टियान क्लीन आणि विटान्टोनियो लिउझी या दोघांना एकच गाडी आळीपाळीने द्यावी लागली. तयार मुलं जास्त आणि गाड्या कमी, ही अडचण सोडवायला इटलीतल्या फाएन्झाचा मिनार्डी संघ घेतला आणि २००६ पासून तो टोरो रोसो झाला, म्हणजेच पुढचा रेसिंग बुल्स. मिनार्डी तशी आधीपासूनच उमेदवारीची जागा. फर्नांडो अलोन्सोची पहिली शर्यत २००१ मध्ये तिथलीच.

पहिल्या काही वर्षांचा तपशील नीट पाहण्यासारखा आहे. त्या वेळी दोन्ही संघांच्या गाड्यांची रचना जवळजवळ एकच असे. २००८ मध्ये फरक मुख्यतः इंजिनाचा, वर रेनो आणि खाली फेरारी. त्यामुळे २००७ मध्ये स्कॉट स्पीडला काढून आणलेल्या सेबास्टियन वेटेलने सप्टेंबर २००८ मध्ये मॉन्झाला भर पावसात पोल (पात्रता फेरीत पहिलं येऊन मिळणारी सर्वांत पुढची जागा) आणि विजय दोन्ही घेतले, तेव्हा वरच्या संघाला नेमकं माप मिळालं: आपल्याच आराखड्याच्या गाडीत एकवीस वर्षांचा मुलगा आपल्या दोन्ही चालकांच्या पुढे. २००९ ला तो वर गेला आणि २०१० ते २०१३ सलग चार वेळा जगज्जेता झाला. पुढचा सगळा विश्वास या एका यशावर उभा आहे.

मग दोन गोष्टी बदलल्या. २०१० पासून प्रत्येक संघाने स्वतःची गाडी स्वतः रचायची, असा नियम कडक झाला. टोरो रोसोची गाडी फाएन्झात वेगळी घडू लागली, आणि वर जाणं म्हणजे अनोळखी गाडीत जाणं झालं. पुढे गिअरबॉक्स, मागचं सस्पेन्शन असे काही भाग पुन्हा वरच्या संघाकडून घेता येऊ लागले, पण एरोडायनॅमिक्स, म्हणजे गाडीवरून हवा कशी वाहते त्याची रचना, वेगळंच राहिलं, आणि वळणावर गाडी कशी वागते ते तिथेच ठरतं. दुसरी गोष्ट म्हणजे २००९ पासून मोसमात चाचण्या बंद झाल्या. चाचणी म्हणजे काय हे इंदूरकरांना वेगळं सांगायला नको. पिथमपूरच्या नॅट्रॅक्सच्या ११.३ किलोमीटरच्या ट्रॅकवर कंपन्या एकेक गाडी तासन् तास पळवतात. फॉर्म्युला वनच्या चालकाला मोसमात चालू वर्षाच्या गाडीत ही मुभा जवळपास नाहीच. किमान दोन वर्षं जुनी गाडी चालवता येते, तिच्यावरही २०२५ पासून दिवसांची आणि किलोमीटरची मर्यादा आली. या बंदीचा पहिला फटका २००९ मध्येच दिसला: सेबास्टियन बोर्देच्या जागी आणलेला १९ वर्षांचा हाइमे अल्ग्वेरसुआरी हंगेरीत जवळपास कोऱ्या पाटीने उतरला.

बदली आठवड्याभरात करायची असेल तर प्रत्यक्षात काय काय करावं लागतं, ते बघा. चालकाच्या अंगाबरहुकूम फोम ओतून सीटचा साचा घ्यायचा. पेडलचं अंतर जुळवायचं. स्टिअरिंगवरची बटणं आणि नॉब यांची जागा नवी. ब्रेकचा पुढे-मागे तोल आणि डिफरन्शियलचे (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या यंत्रणेचे) टप्पे फेरीत कितीदा तरी बदलायचे असतात, ते हाताला न पाहता सापडले पाहिजेत. रेस इंजिनिअरही नवा, त्याच्या सूचनांची सवय नवी. सिम्युलेटर मदत करतो, पण मागची चाकं सुटायला लागली की जे अंगाला जाणवतं ते तो पुरतं देत नाही. नियमही बघण्यासारखे आहेत. संघाला मोसमात चार चालक वापरता येतात. चालकाचे गुण त्याच्याबरोबर जातात, संघाचे संघाकडे राहतात. वापरलेल्या इंजिनांचा हिशेब मात्र जागेला चिकटतो, नव्या माणसाला जुन्याचीच खातेवही मिळते.

२०१६ मध्ये रशियाच्या शर्यतीत डॅनिल क्व्यात पहिल्याच फेरीत वेटेलच्या गाडीवर दोनदा आदळला आणि पुढच्या स्पेनच्या शर्यतीआधी त्याला खाली पाठवलं. त्याच्या जागी टोरो रोसोतून आलेला मॅक्स वर्स्टापेन १८ व्या वर्षी ती शर्यत जिंकला. त्या विजयाच्या झगमगाटात एक गोष्ट विसरली जाते: २०१५ मध्ये क्व्यातचे ९५ गुण होते आणि सहकारी डॅनियल रिकार्डोचे ९२, शिवाय हकालपट्टीच्या दोनच शर्यती आधी क्व्यात चीनमध्ये तिसरा आला होता. तो मंद नव्हता. तो काढला गेला कारण वर्स्टापेनला थांबवून ठेवणं संघाला परवडणारं नव्हतं, असं आमचं मत आहे.

२०१९ मध्ये पिएर गॅस्लीचं उलट झालं. मोसमापूर्व चाचणीत बार्सिलोनाला गाडी दोनदा आपटली. १२ शर्यतींनंतर त्याचे ६३ गुण, वर्स्टापेनचे १८१. हंगेरीत तर सहकाऱ्यानेच त्याला एक फेरी मागे टाकलं. ऑगस्टमध्ये अलेक्स आल्बन वर आला, आणि बेल्जियममध्ये १७ व्या जागेवरून पाचवा. मात्र गॅस्ली खाली जाऊन त्याच वर्षी ब्राझीलमध्ये दुसरा आला, २०२० मध्ये मॉन्झा जिंकला. आणि आल्बनची जागा २०२० च्या अखेरीस गेलीच. वर अपयशी ठरलेला चालक खाली विजय मिळवत असेल, तर दोष माणसाचा नाही, जागेचा आहे.

त्या जागेचं दुखणं तांत्रिक आहे. वर्स्टापेनला पुढचं टोक तीक्ष्ण लागतं: स्टिअरिंग वळवलं की नाक लगेच आत शिरलं पाहिजे. त्याची किंमत म्हणजे मागची बाजू हलकी. तो ती सांभाळतो, आणि वेग त्याच दिशेला सापडतो म्हणून संघही गाडी त्याच दिशेने विकसित करत जातो. दुसरा चालक मागच्या चाकांवर विश्वास ठेवू शकत नाही, वळणात उशिरा गॅस देतो, टायर नीट तापत नाहीत, आणि पात्रता फेरीत पहिल्याच टप्प्यात बाहेर पडतो. लॉसन पात्रता फेरीत मेलबर्नला १८ वा आणि शांघायला २० वा आला तो असा. लगेच जपानमध्ये सुझुकाला त्याने खालच्या संघाच्या गाडीत पात्रता फेरीत १४ वं स्थान मिळवलं. त्याच्या जागी वर गेलेला त्सुनोदा १५ वा.

होळकर स्टेडियमवर रणजी खेळून धावा काढल्या की भारतीय संघाचं दार पुन्हा उघडतं, तसा रस्ता इथे नाही. २०२५ मध्ये साऱ्या जगात जागा २० होत्या, कॅडिलॅक या नव्या संघामुळे २०२६ मध्ये २२. एकाला आत घ्यायचं तर दुसऱ्याला उठवावंच लागतं, आणि हे भारतीयांनीही सोसलं आहे. २०११ मध्ये एचआरटी संघात आठ शर्यती झाल्यावर नारायण कार्तिकेयनला बाजूला व्हावं लागलं, कारण रेड बुलला रिकार्डोला अनुभव द्यायचा होता. नारायण परतला तो ऑक्टोबरमध्ये ग्रेटर नोएडाच्या शर्यतीपुरता. जेहान दारूवाला २०२० ते २०२२ रेड बुलच्या ज्युनियर यादीत होता. फॉर्म्युला वनच्या लगेच खालच्या पायरीवर, फॉर्म्युला टूमध्ये, शर्यती जिंकूनही त्याच्यापर्यंत जागा आली नाही.

दुसऱ्या वाटेची उदाहरणं समोर आहेत. मर्सिडीजने जॉर्ज रसेलला २०१९ ते २०२१ अशी तीन पूर्ण वर्षं विल्यम्समध्ये ठेवलं. फेरारीने शार्ल लक्लेरला एक पूर्ण मोसम साउबरमध्ये दिला. २०२० मध्ये रसेल एका शर्यतीपुरता लुईस हॅमिल्टनच्या जागी मर्सिडीजमध्ये बसला, तेवढं सोडलं तर दोघांनाही मोसमाच्या मध्यात कुणी हलवलं नाही आणि दोघेही वर आल्यावर टिकले. रेड बुलने इसाक हाजारला २०२५ चं पूर्ण वर्ष रेसिंग बुल्समध्ये काढू दिलं. नेदरलँड्समध्ये झँडव्होर्टला तो तिसरा आला आणि डिसेंबरमध्ये २०२६ साठी त्याची बढती जाहीर झाली, त्सुनोदा राखीव चालक झाला. २०२६ ला गाड्यांचे नियम मुळापासून बदलत असल्याने हाजारला निदान वर्षानुवर्षं एकाच हातासाठी घासलेली गाडी मिळणार नाही. मार्को मात्र २०२५ च्या अखेरीस निघून गेले, त्यामुळे पुढचा बदल कोणत्या शर्यतीनंतर करायचा, हे आता दुसरंच कुणी ठरवणार आहे.